थेंबाला लावलेलं बूच

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सक्करदरा चौकाच्या अलीकडे तू स्कूटर बाजूला घेतलीस, स्टँडवर लावलीस, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलास आणि गेलास. पावणेदहाला मला कॉलेजच्या ग्रंथालयात फोन आला. साडेदहाला डॉक्टरांनी सांगितलं.

त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही, प्रमोद. स्कूटर स्टँडवर लावली होती, एवढ्यावर मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. छातीत कळ उठली असताना तू ती आडवी टाकली नाहीस. हँडलला कुलूपसुद्धा लावलंस. चौकातून एक रस्ता दिघोरीवरून उमरेडला जातो आणि एक मानेवाड्यावरून बेशाला. तू कुठे निघाला होतास, ते घरात कोणालाच सांगितलं नव्हतंस. समोरच्या चहावाल्याला मी नंतर विचारलं, भाऊ कुठे जायचं म्हणत होता का. तो म्हणाला, "काहीच नाही बोलले ताई. पाणी मागितलं. मी आणेपर्यंत..." मग त्यानं मान खाली घातली.

तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मला पाना धरता येत नव्हता, म्हणून गेल्या हिवाळ्यात आपण दोघं इतके दिवस एका टेबलाशी बसलो. नाहीतर एका घरात राहून आपण किती बोलत होतो? मी पुस्तकात, तू पाइपात. ते जाडं इंग्रजी पुस्तक तू पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवलंस तेव्हा मला वाटलं, हा चुकून कोणाचं तरी घेऊन आला.

"बोटीचं हाय," तू म्हणालास. "जयंतरावांची बोट. त्यात गरम पाण्याची लाइन टाकायची हाय. वाचून दे."

जयंतरावांची बेशातली तीन घरं तू केली होतीस. त्यांनी आता बुटीबोरीच्या एका शेडमध्ये लोखंडी बोट बांधायला घेतली होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. उमरेडच्या पलीकडे धरणाचं पाणी पसरतं, तिथे ती ठेवायची आणि हिवाळ्यात लोकांना राहायला द्यायची. थंडीत पाण्यावर राहायला येणाऱ्या माणसाला सकाळी आंघोळीला गरम पाणी लागणारच.

"पण बोटीचं काम तू कधी केलं आहेस का?"

"नागपुरात बोटीचं प्लंबिंग कोण करते वं ताई? कोणीच नाही करत. मंग मीच काहून नाही?"

त्यांना आधी गॅसचा गीझर हवा होता. तू साफ नाही म्हणालास. "एवढ्याशा खोलीत खिडकी लावून माणूस आंघोळ करन, अन् गॅस आतली सारी हवा खाऊन टाकन. मी नाही लावत, दुसरा पाहा." त्यांनी दुसरा पाहिला नाही. बाहेरून एक स्टीलची टाकी मागवली, आणि तिच्याबरोबर हे पुस्तक आलं. बोटीचं इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती जे पाणी फिरतं, ते तापतं. ते गरम पाणी टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवायचं, म्हणजे टाकीतलं आंघोळीचं पाणी आपोआप तापतं. वीज नको, गॅस नको. तुला ते फार आवडलं. फुकट जाणारी ऊब कामाला लागते, असं तू तुझ्या बायकोला, शालूला, तीनदा सांगितलंस.

संध्याकाळी सातला मी वाचायला बसायची. तू लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आकृत्या काढायचास. शाळेत तुला चित्रकलेत कधी चांगले गुण मिळाले नाहीत, पण पाइपचं वळण तू असं काढायचास की त्यातून पाणी वाहताना दिसावं. मी एक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची, तू "पुढं" म्हणायचास. कधी वैतागायचास. "एका नटासाठी दोन पानं लिहिली यायनं. आपल्या बापाले अख्खं पातळ विणायले एवढं सांगा लागलं नाही."

बाबांचा माग विकला त्याला कितीतरी वर्षं झाली. उमरेडच्या घरी आपण दोघं मागासाठी सूत गुंडाळून कांड्या भरायचो, तुझ्या कांड्या माझ्यापेक्षा सारख्या असायच्या. मी एका हाताने पुस्तक धरायची म्हणून माझा धागा सैल पडायचा, आणि बाबा तुझ्या कांड्या आधी घ्यायचे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं.

आपलं पहिलं भांडण एअर पाइपवरून झालं. घराची गोष्ट तुझ्या हाडात मुरलेली होती. घरात टाकी गच्चीवर असते. पाणी तापलं की फुगतं, आणि फुगलेलं पाणी पाइपातून मागे वर सरकतं किंवा टाकीच्या वर नेलेल्या एअर पाइपातून बाहेर पडतं. तू आयुष्यभर हेच करत आलास, त्यामुळे त्याचा विचार करायची तुला गरजच पडली नव्हती. बोटीत गच्ची नाही. पाण्याची टाकी पायाखाली, बोटीच्या तळाशी, पाणी पंपाने ढकललं जातं, आणि गरम पाणी मागे जाऊ नये म्हणून एक झडप बसवलेली. मी वाचून सांगितलं, अशा ठिकाणी फुगलेल्या पाण्याला जायला वाटच राहत नाही, आणि टाकी फुटू शकते. म्हणून दोन गोष्टी हव्यात. एक रबरी पिशवीची लहान टाकी, जिच्यात ते फुगणं सामावेल. आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह, ज्याचं तोंड कधीही बंद होता कामा नये.

"पाणी आपली जागा करून घेते वं ताई. मी रोज पाहतो."

"तू जिथे पाहतोस तिथे जागा असते. इथे नाही."

"पुस्तकवाल्याले भेव दाखवाले काय जाते?"

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर तू स्वयंपाकघरात, गॅसवर काठोकाठ भरलेली लोटी, आणि तू तिच्याकडे टक लावून. पाणी उकळायच्या कितीतरी आधी ते काठावर चढलं आणि एका बाजूने ओघळलं. बर्नर विझला. शालू ओरडली, "सारी शेगडी भिजवली! एक पुस्तक वाचते, एक पाणी तापवून पाहते. या घरात शहाणं माणूस मी एकटीच हाव का?" तू हसला नाहीस. शेगडी पुसलीस. लोटी पुन्हा भरलीस, पुन्हा ठेवलीस, पुन्हा सांडू दिलीस. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "ताई, तुझं पुस्तक खरं बोलते."

मला आयुष्यात अनेकांनी हुशार म्हटलं आहे. त्यातलं कोणाचंच मला एवढं पुरलेलं नाही.

त्यानंतर तू व्हॉल्व्ह बसवलास, एखाद्या डॉक्टरसारखा दोन-दोनदा तपासून. रबरी पिशवीची टाकी मागवली, पण ती आज येते उद्या येते करत राहिली. ती नाही तोवर इंजिन चाललं की टाकी तापणार आणि व्हॉल्व्हच्या तोंडातून पाणी टपकणार. ते पाणी पाइपने बोटीबाहेर सोडायचं तर लोखंडाला भोक पाडायला हवं होतं, आणि बोट तोवर धरणात उतरलीही होती. म्हणून तू खाली एक प्लास्टिकचा डबा ठेवलास. "टपकून राहिलं म्हणजे बरं हाय," तू मला फोनवर सांगितलंस. तुझ्या आवाजात मला मुलाचं पहिलं पाऊल पाहणाऱ्या बापाचा आनंद ऐकू आला.

मग तो रविवार. बोटीची पूजा.

मी तिथे नव्हते. जे मला ठाऊक आहे ते तू संध्याकाळी जेवताना सांगितलंस तेवढंच. पूजेआधी पाहुण्यांना घेऊन बोटीने एक फेरी मारली. इंजिन चाललं, पाणी तापलं. कोणीतरी नारळाची टोपली ठेवायला तुझा डबा उचलून बाजूला केला. थेंब फरशीवर पडत राहिले, ओघळ खोलीभर आला, आणि जयंतरावांच्या म्हाताऱ्या आईचा पाय त्यात पडला.

"अरे, बोटीत पाणी शिरलं!"

तू नक्कल इतकी हुबेहूब केलीस की शालूचा घास घशात अडकला. बायकांनी लुगडी वर धरली, एकाने पोराला खांद्यावर घेतलं, एकजण लाइफ जाकिटं कुठे आहेत विचारू लागला. बोट काठाला बांधलेली होती. "मी सांगून राहिलो, वरचं पाणी हाय, खालचं नाही, अन् कोणी ऐकतच नाही. पन्नास माणसं एका थेंबाले भेली, ताई!"

"मग?"

"मंग काय. जयंतरावांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यायनं पाहिलं. मी पिशवीतून बूच काढलं अन् लावून देल्लं. दोन मिनिटांत सारे बसले."

"कशाला लावलंस?"

"व्हॉल्व्हले."

मी पोळी ताटात ठेवली. "आणि काढलं?"

"लोकं होते ना वं. उद्या काढतो. उद्या नाहीतर परवा. उद्या बेशाचं काम हाय. पाहुणे थेट पुढच्या रविवारी येणार, तोवर कोण चालवते बोट?"

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि ते इथे लिहिल्याशिवाय सुटका नाही. मी म्हणाले, "चारचौघांत लाज वाटली म्हणून तू बूच मारलंस. बाबांसारखाच आहेस. डाग दिसला नाही म्हणजे झालं."

बाबांनी विणलेला एक नग व्यापाऱ्याने दुकानात सगळ्यांसमोर उलगडून एका गाठीवर बोट ठेवलं होतं, आणि बाबा दोन दिवस जेवले नव्हते. त्या दुकानात तू त्यांच्याबरोबर होतास, नऊ-दहा वर्षांचा. मी नव्हते. मला त्यातलं काही बोलायचा अधिकार नव्हता. तू ताट स्वच्छ केलंस, उठलास, हात धुतलेस. प्लंबरला आपल्या हातच्या कामातून चारचौघांत पाणी गळताना दिसणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कधी कळणार नव्हतं.

सोमवारी आपण बोललो नाही. तू संध्याकाळी आलास, बाहेरच्या नळावर हात धुतलेस, शालूला चहा मागितलास. मी पेपर वाचत होते. 'काढलं का रे?' एवढेच तीन शब्द होते. ते माझ्या ओठांवर आले होते. मी मोठी, म्हणून पहिल्यांदा तू बोलावंस असं मी ठरवलं होतं. तूही बहुतेक काहीतरी ठरवलं असशील.

मंगळवारबद्दल मी लिहिलं आहे.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, सतरंजीवर माणसं बसलेली असताना दारात कुरिअरवाला आला. "प्रमोदभाऊ हायेत का?" शालू आत निघून गेली. मी सही केली. खोक्यात लहान कळशीएवढी लाल टाकी होती, तुझी रबरी पिशवीची. मी ती मांडीवर घेऊन बसले. लोकांना वाटलं असेल, हिला कोणीतरी काहीतरी वस्तू पाठवली. मला त्याच क्षणी आठवलं की बूच तिथे आहे की नाही हे मला माहीत नाही. आणि जगात दुसऱ्या कोणालाही ते बूच काय आहे हेच माहीत नाही. पाहुणे परवा येणार होते.

मी आतल्या खोलीत जाऊन जयंतरावांना फोन केला. ते खरोखर चांगले गृहस्थ आहेत.

मी सांगितलं, "व्हॉल्व्हला बूच लावलेलं असेल तर ते काढायला हवं. तोवर इंजिन चालवू नका."

"ताई, ते टपकणं प्रमोदनंच बंद केलं. मला म्हणाला, साहेब, आता एक थेंब पडणार नाही."

"ते त्यानं फक्त पूजेपुरतं केलं होतं."

"प्रमोदचं काम पूजेपुरतं नसतं हो. बारा वर्षं पाहतो आहे मी. त्यानं हात लावला म्हणजे मी डोळे मिटून राहतो."

मी पाणी फुगण्याचं सांगायला लागले. लोटीचं सांगायला लागले. घरचा गीझर बटण दाबून बंद करता येतो, पण इथे बोट चालली की गरम पाणी कोणी मागो न मागो, ते तापणारच, हे सांगायला लागले. माझी वाक्यं लांबत गेली. एखाद्या चार दिवस न झोपलेल्या बाईची वाक्यं जशी असतात तशी ती त्यांना ऐकू आली असणार.

"तुम्ही आता विश्रांती घ्या. सुतक संपू द्या, मी माणूस पाठवतो," ते म्हणाले.

तुझं चांगलं नाव, प्रमोद, त्या दिवशी माझ्या आडवं आलं. तू जर थोडा हलगर्जी माणूस असतास, थोडा कामचुकार, तर त्यांनी माझं ऐकलं असतं.

फोन ठेवून वळले तर दारात शालू.

"ते जाऊन चार दिवस नाही झाले, अन् तुमी लोकायले सांगून राहिल्या का त्यायनं काम बिघडवलं?"

"बिघडवलं नाही शालू. राहून गेलं."

"एकच झालं. त्यायच्या हातचं काम आजवर कोणी खोललं नाही. तुमी पहिल्या खोलणाऱ्या."

शनिवारी सकाळी मी निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, सुतकात कोणी असं गावाला जातं का. शालूने दार माझ्यामागे लावून घेतलं.

मी तुझ्या आकृत्या काढलेल्या लग्नपत्रिका पर्समध्ये घेतल्या होत्या. उमरेडची बस, मग ऑटो, मग बांधावरून चालत. बोट पांढरी आहे आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. राखणदार मारोती, पन्नाशीचा ढीवर माणूस, आधी तिथेच मासे धरायचा, असं तू सांगितलं होतंस. तो बोटीवर चढायच्या फळीवर आडवा उभा राहिला.

"साहेबाचा फोन आल्ता. कोणालेच चढू देऊ नको म्हणे."

"मी प्रमोदची बहीण."

त्यानं मला खालून वर पाहिलं. "तुमी पुस्तकवाली ताई?"

"हो."

"मंग चढा. तुमी कोणी थोड्याच हाव."

आत गेले आणि मला काही ओळखू येईना. तुझ्या आकृतीत सगळं सरळ आणि मोकळं होतं. इथे पाइप एकमेकांवरून जात होते, वाकून, अंधारात, फळीच्या मागे. एवढे महिने मी वाचलेलं सगळं माझ्यासमोर होतं आणि मी त्यातल्या एकाचंही नाव सांगू शकत नव्हते. मारोतीनेच विचारलं, "ते टपकत होतं तेच पाहता का? इकडं हाय."

बूच जागेवर होतं. पितळेचं, चकचकीत.

मी खाली बसले. सोमवारी बेशाचं काम लवकर आटपून तू गुपचूप येऊन गेला असशील, असं मी कालपासून स्वतःला सांगत होते, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

"इंजिन चालवलं का मधे?"

"आज सकाळीच. घंटाभर. उद्या पाहुणे हायेत म्हणून."

"टाकीचा काही आवाज?"

"टणटण वाजे. मले वाटलं नवी हाय, वाजन."

टाकी गरम होती. मी पदराने न्हाणीघरातली गरम पाण्याची तोटी धरली, बाजूला उभी राहिले आणि हळूच फिरवली. ती एकदम खोकली, तिने वाफ आणि पाणी फेकलं, पाइप फळीमागे थाडकन आपटला. मग धार साधी झाली. तापलेल्या टाकीचं काहीही खोलू नये, आधी गरम तोटी उघडून जोर उतरू द्यावा, हे मी तुला मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि तू "पुढं" म्हणाला होतास.

टाकी निवेपर्यंत दोन तास आम्ही बाहेर बसून राहिलो. मारोतीनं बिडी पेटवली, माझ्याकडे पाहून विझवली.

"भाऊ लय भीत होता पाण्याले," तो म्हणाला.

"कोण, प्रमोद?"

"पोहता येत नव्हतं ना त्याले. बांधलेल्या बोटीतही जाकीट घालूनच पाना फिरवे. मी म्हणो, भाऊ, गुडघ्याएवढं पाणी हाय इथं. तं म्हणे, मारोती, माझे गुडघे मले माहीत हायेत."

मी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. तुला पोहता येत नाही हे मला माहीत होतं. पण तू रोज भीत भीत तिथे जात होतास, हे तू मला सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही.

टाकी निवल्यावर मी पाना हातात घेतला. मला ते स्वतः काढायचं होतं. बूच हललं नाही. आट्यांवर तू पांढरी टेप गुंडाळली होतीस, सारखी, एकावर एक, कांडी भरावी तशी. दोन दिवसांसाठी लावलेल्या बुचाला कोणी इतक्या निगुतीने टेप लावतं का? की तुझ्या हाताला कच्चं काम येतच नव्हतं? मी पाना मारोतीकडे दिला. त्यानं दोन झटक्यांत ते काढलं. थोडं पाणी सांडलं आणि थांबलं. मग त्यानं इंजिन सुरू केलं. आम्ही दोघं त्या तोंडाकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळाने एक थेंब तिथे जमला, लोंबला, पडला. मग दुसरा.

मारोतीनं खाली डबा सरकवला. "एवढ्यासाठी आल्या?"

"एवढ्यासाठीच."

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथून पाणी टपकणे योग्य आहे. हे तोंड बंद करू नये.' ग्रंथालयात पाट्या लिहिण्यात माझी वर्षं गेली. मारोती म्हणाला, "मले वाचता नाही येत, पण मी ध्यानात ठेवतो." पाटी सुतळीने पाइपाला बांधली. बाकीचं काही मला तपासता आलं नाही. दुसरं काही राहून गेलं आहे का, हे पाहणारी नजर तुझ्याकडे होती.

संध्याकाळी जयंतरावांचा फोन आला. चिडले होते. त्यांच्या बोटीवर, त्यांच्या परवानगीशिवाय. मी ओरडले नाही, समजावलंही नाही. पुस्तक उघडलं आणि ते पान मराठीत वाचून दाखवलं, तुला दाखवायची तसं, एकेक वाक्य. ते "पुढे" म्हणाले नाहीत, पण फोन ठेवलाही नाही. सकाळची टाकीची टणटण मी त्यांना सांगितली. मग ते म्हणाले, उद्या पाहुणे काठालाच राहतील, इंजिन चालवणार नाही, आंघोळीचं पाणी मारोती चुलीवर तापवेल. बोटीचं काम जाणणारा माणूस शोधून सगळं तपासून घेऊ, आणि तपासून झाल्यावरही ते तोंड उघडंच राहील.

आणि मग त्यांनी विचारलं, "ताई, म्हणजे प्रमोदकडून चूक झाली, असं समजायचं का?"

शालू समोर भिंतीला टेकून बसली होती. तिला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

मी 'हो' म्हणाले.

त्यापुढे मला खूप बोलायचं होतं. तो काढणारच होता, असं म्हणायचं होतं, पण ते मला माहीत नव्हतं. तुझ्याबद्दल जे मला नक्की माहीत होतं, ते त्या वेळी कोणी विचारत नव्हतं. की तू लोटी भरून गॅसवर ठेवलीस. की कामात मुरलेला एक माणूस बहिणीच्या हातातल्या पुस्तकावर विश्वास ठेवायला तयार झाला, पण आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. की तुला पाण्याची भीती होती आणि तू रोज पाण्यावर गेलास. तुझी चूक मी एका शब्दात सांगितली. हे सांगायला मला एवढी पानं लागली आहेत, आणि वाचायला तू नाहीस.

मी बोलले नसते, फोनवर 'नाही हो, चूक कसली' म्हणाले असते, तर शालू आज माझ्या बाजूला बसली असती. तू असतास तर माझ्या जागी काय म्हणाला असतास, याचा मी विचार करते. कधी वाटतं, तू स्वतःच सांगितलं असतंस, हसून, नकला करून. कधी वाटतं, तू मला आयुष्यभर माफ केलं नसतंस. दोन्ही खरं वाटतं. तुला विचारता येत नाही.

तीन आठवडे झाले. माणूस अजून मिळालेला नाही. जयंतरावांनी दोघांना नेऊन दाखवलं, दोघंही म्हणाले, प्रमोदभाऊच्या कामाला आम्ही हात लावत नाही. त्यांना तो आदर वाटतो. लाल टाकी खोक्यातच आहे. पाहुणे येतात, बोट काठाला असते, मारोती आठवड्यातून एकदा इंजिन थोडा वेळ चालू करतो, बॅटरीसाठी.

मी दर रविवारी त्याला फोन करते. तो म्हणतो, "टपकून राहिलं, ताई." मी फोन ठेवते.

शालू माझ्याशी बोलत नव्हती. गेल्या रविवारी मी फोन ठेवला तेव्हा ती भाजी निवडत होती. वर न पाहता तिने विचारलं, "काय म्हणते तो?"

"टपकून राहिलं म्हणते."

"बरं," ती म्हणाली.

आमच्या दोघींत सध्या एवढंच बोलणं आहे.